सांजांव

गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा पावसाळी सण. सेंट जॉन द बाप्टिस्ट यांच्या जन्माप्रीत्यर्थ दरवर्षी 24 जून रोजी, म्हणजे नाताळच्या सहा महिने आधी, तो साजरा होतो. मारिया भेटीस आली तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी घेतली, असे लूकच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. विहिरीत उड्या घेण्याची प्रथा लोक या कथेशी जोडतात. जूनच्या अखेरीस विहिरी भरू लागतात, हेही तिचे तितकेच खरे कारण असावे.

सकाळच्या प्रार्थनेनंतर वाड्यावरची मंडळी डोक्यावर पानाफुलांचे ‘कोपेल’ घालून घरोघरी निघतात. घुमट आणि कासाळे ही वाद्ये वाजत असतात. काहीजण माडाच्या झावळीचा जाड देठ ओल्या जमिनीवर आपटून ताल धरतात. ‘विवा सांजांव’ची आरोळी उठते आणि पोरे-थोरे विहिरीत झेपावतात. यजमान फणस, अननस, फेणी पुढे करतात; विहिरीत टाकलेली फळे वा बाटली सूर मारून काढणे हा आवडता खेळ. नव्या जावयाचा या दिवशी सासुरवाडीला खास मान असतो.

बार्देशातील शिवोलीचा नौकोत्सव सर्वांत प्रसिद्ध; सजवलेल्या होड्या वाजतगाजत येतात. हॉटेलांच्या तलावांवरही आता सांजांवच्या मेजवान्या होतात, पण सणाचा जीव वाड्यावरच्या विहिरीपाशीच आहे. या सणातील मुख्य वाद्य घुमट 2019 मध्ये गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झाले.