जुन्या लष्करी बिल्ल्यांची पारख

जुन्या लष्करी बिल्ल्यांची पारख म्हणजे सैनिकाच्या टोपीवर, पगडीवर, गळपट्टीवर किंवा खांद्यावर लावल्या जाणाऱ्या धातूच्या चिन्हांवरून त्यांची पलटण व काळ ठरवणे, तसेच ती अस्सल आहेत की नंतर केलेल्या नकला, याचा निर्णय करणे होय. लष्करी इतिहास, वस्तुसंग्रहालये आणि सैनिकी परंपरा असलेल्या कुटुंबांचा इतिहास यांच्या अभ्यासात तिचा उपयोग होतो. ब्रिटिश काळातील पुष्कळ पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक व नाव कोरलेले असते. बिल्ल्यावर ते सहसा नसते. त्यामुळे बिल्ल्याची साक्ष त्याच्या घडणीतून व सोबतच्या कागदपत्रांतून काढावी लागते.

मूलतत्त्व

नाव, क्रमांक, मुकुट, धातू आणि मागील बाजूची जोडणी ही सर्व लक्षणे एकाच काळाकडे निर्देश करत असतील, तरच बिल्ला अस्सल मानण्यास आधार मिळतो. एक ठळक विसंगती संशयास पुरेशी असते. मात्र एक लक्षण जुळल्याने अस्सलपणा सिद्ध होत नाही.

मुकुट व राजचिन्ह

एडवर्ड सातवे १९०१ मध्ये गादीवर आल्यानंतर ब्रिटिश लष्करी चिन्हांवर घुमटाकार कमानींचा ट्यूडर मुकुट रूढ झाला. एलिझाबेथ दुसऱ्या १९५२ मध्ये राणी झाल्यावर त्याची जागा मध्यभागी खोलगट कमानी असलेल्या सेंट एडवर्ड मुकुटाने घेतली. भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला आणि भारतीय सैन्याच्या चिन्हांवर मुकुटाऐवजी अशोकस्तंभावरील सिंह आले. म्हणून भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर सेंट एडवर्ड मुकुट आढळल्यास तो कालविसंगत ठरतो.

मराठा पलटणी

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चिन्हात बिगूल, ढाल व दोन तलवारी आहेत. बिगूल हे लाइट इन्फन्ट्रीचे परंपरागत चिन्ह असल्याने केवळ त्यावरून पलटण ठरवता येत नाही. १९०३ च्या पुनर्रचनेत मुंबई इलाख्यातील पलटणींना नवे क्रमांक मिळाले. १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी १९२२ मध्ये एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री स्थापन झाली. पुढे १९४५ मध्ये नावातील ‘५’ हा आकडा गळला. ब्रिटिश काळातील रोमन लेखनात ‘एम’ व ‘ए’ या अक्षरांनंतर ‘एच’ आणि पुढे जोड ‘टी’ असे. आजचे लेखन स्वातंत्र्यानंतरचे आहे. त्यामुळे १०३ हा क्रमांक आणि आजचे रोमन लेखन एकाच बिल्ल्यावर आल्यास तो नंतर घडवलेला असण्याची शक्यता प्रबळ असते.

महार रेजिमेंट

पहिल्या महायुद्धकाळात १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये विसर्जित झाली. त्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगाव येथील स्तंभ होता. १९४६ मध्ये तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाल्यावर चिन्हात दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभ काढून त्या जागी कट्यार घेण्यात आली. साहजिकच मशीनगन व कट्यार असलेला बिल्ला दुसऱ्या महायुद्धातील म्हणून दाखवला जात असेल, तर तो दावा टिकत नाही. असा बिल्ला नकली असेलच असे मात्र नाही. तो अस्सल, पण नंतरच्या काळातील असू शकतो.

धातू व घडण

जुने बिल्ले पितळ, पांढरा मिश्रधातू, कांसे किंवा चांदी यांचे असत. ठशाने ठोकून केलेल्या बिल्ल्याच्या रेषा धारदार असतात आणि पातळ पत्र्याच्या बिल्ल्याच्या पाठीवर नक्षीचा उलटा उठाव दिसतो. अस्सल नगावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेचा पृष्ठभाग खरखरीत, अक्षरे बोथट व आकार किंचित लहान असतो, कारण धातू थंड होताना आकसतो. भारतात स्थानिक कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतलेले बिल्लेही सैनिकांनी वापरले आहेत. म्हणून केवळ ओतीव आहे एवढ्यावरून बिल्ला नकली ठरवू नये. याउलट जुन्याच ठशांवरून पुढे पुन्हा ठोकलेले बिल्ले समोरून निर्दोष दिसतात. त्यांची पारख पाठीमागील कड्या, पट्टी व डाखकामावरून करावी लागते. खऱ्या वापराची झीज उंच भागांवर असते आणि मळ खोलगट भागांत साचतो. रसायनाने आणलेला जुनेपणा बहुधा सर्वत्र सारखा दिसतो.

कागदोपत्री पुरावा व जतन

सेवामुक्तीचा दाखला, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, नाव कोरलेली पदके आणि गणवेशातील छायाचित्रे यांच्याशी बिल्ला ताडून पाहावा. महाराष्ट्रातील काही गावांत पहिल्या महायुद्धावर गेलेल्या सैनिकांची संख्या नोंदवणारे शिलालेख आहेत. त्यांवरून गावाचा सहभाग कळतो, विशिष्ट व्यक्तीचा नव्हे. बिल्ला चिंच, लिंबू किंवा पितळ उजळण्याच्या पावडरीने घासू नये. त्यामुळे झिजेचा व मूळ मुलाम्याचा पुरावा कायमचा नष्ट होतो. वस्तू कोणाकडून व केव्हा मिळाली, याची लेखी नोंद तिच्यासोबत ठेवावी. घरातील जाणती पिढी गेल्यावर ही माहिती पुन्हा मिळवता येत नाही.

कायदेशीर बाजू

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. खाजगी व्यक्तीस अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.