कुलूप किती मिनिटांचे?

लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर जोसेफ ब्रामा या यंत्रकाराचे दुकान होते. दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगलेले असे आणि शेजारच्या पाटीवर आव्हान असे : हे कुलूप किल्लीवाचून उघडील असे हत्यार जो बनवील त्याला २०० गिनी इनाम. ब्रामाने या कुलपाचे पेटंट १७८४ साली घेतले होते. तो वारला, मुलांनी दुकान पुढे चालवले, पाटी तशीच राहिली. १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले तेव्हा अमेरिकेतून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपतज्ज्ञ आला. त्याने आधी चब कंपनीचे प्रसिद्ध कुलूप पंचवीसेक मिनिटांत उघडून दाखवले. मग तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास तो त्याच्यापुढे बसला आणि अखेर कुलूप उघडले.

वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. ज्या कुलपांवर बँका विसंबून होत्या तीच उघडली, मग सुरक्षित राहिले काय? पण या घटनेकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. एक कुलूप पंचवीस मिनिटांचे निघाले, दुसरे ५१ तासांचे. दोन्ही 'उघडणारी'च, पण दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर! चोराला ५१ तास कोण बसू देणार आहे? कुलूप चोराला कायमचे अडवत नाही, ते त्याचा वेळ खाते. पुढे तिजोऱ्यांची परीक्षा याच तत्त्वावर होऊ लागली. अमेरिकेत तिजोऱ्यांना दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांवर १५, ३० असे आकडे असतात. ठरावीक हत्यारे घेतलेल्या कसबी माणसापुढे ती तिजोरी किती मिनिटे टिकली, याचे ते आकडे आहेत.

तिजोरी भिंतीत असते, सायकल रस्त्यावर. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. जवळपास सारख्या मापाची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, म्हणजे आज आपण चालवतो तीच घडण. बघता बघता सायकल सामान्य माणसाचे वाहन झाले आणि कुलूपवाल्यांपुढे नवाच पेच उभा राहिला. सायकल चोरणाऱ्याला पळून जायला वेगळे वाहन लागत नाही, चोरीचा मालच त्याला घेऊन पळतो.

यावरचा पहिला सरळ उपाय म्हणजे मागच्या चाकावर बसवलेले गोल कुलूप. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींवर ते असेच आणि हॉलंडमधल्या सायकलींवर आजही सर्रास दिसते. एक वाकडी सळई आऱ्यांमधून आरपार जाते आणि चाक फिरेनासे होते. हॉलंडमधल्या अशा कुलपांत बहुधा कुलूप लावल्याशिवाय किल्ली निघतच नाही, त्यामुळे लावायचे विसरून किल्ली खिशात टाकण्याची सोय नाही. अशा कुलपाला वेगळे वजन बाळगावे लागत नाही आणि लावायला दोन सेकंद पुरतात. पण ते सायकलीला कशालाच बांधत नाही. सायकलीवर बसून पळणारा त्याने अडतो, ती उचलून टेम्पोत टाकणारा अडत नाही. वीस किलोच्या आसपास वजनाची सायकल खांद्यावर घेऊन बाजारातून जाणारा माणूस लोकांच्या डोळ्यांत भरतो, हेच काय ते या कुलपाचे बळ. मागची सायकल हलकी होत गेली तसे हे बळ कमी होत गेले.

जाता जाता हॉलंडचीच एक गमतीची हकिगत. १९६५ साली ॲम्स्टरडॅममध्ये 'प्रोव्हो' नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कोणीही घ्याव्या, कोठेही सोडाव्या म्हणून रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण सायकल कुलूप न लावता ठेवणे कायद्याविरुद्ध होते! यावर त्या तरुणांनी सायकलींना आकड्यांची कुलपे लावली आणि कुलपाचे आकडे सायकलीवरच रंगवून टाकले.

न्यूयॉर्कची परिस्थिती इतकी हसण्यासारखी नव्हती. सत्तरीच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींचा खप एकदम वाढला आणि त्यामागोमाग चोऱ्याही. लोक साखळी किंवा तारेचा दोर वापरत. चोराजवळ असे ती लांब दांड्यांची कातर, जिला आपले लोहारकाम करणारेही बोल्ट कटर म्हणतात. ही कातर म्हणजे तरफेला जोडलेली दुसरी तरफ. समजा तिने हाताचा जोर ५० पट होतो. दोन्ही दांड्यांवर ३० किलोचा जोर लावला की जबड्यात दीड टनाचा जोर येतो. ८ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी सळईचा छेद सुमारे ५० चौरस मिलिमीटर असतो, आणि ढोबळ हिशोबाने तेवढ्या छेदाला कापायला दीड टनच लागतो. म्हणजे काम फत्ते. तारेच्या दोराची अवस्था याहून केविलवाणी. त्यातल्या बारीक तारा एकेक करून तुटतात आणि वर चढवलेल्या प्लॅस्टिकच्या जाड नळीमुळे आतली तार आहे त्याहून दुप्पट भासते. जाड दिसणे आणि जाड असणे यांत गल्लत करणारे गिऱ्हाईक हेच अशा दोरांचे खरे भांडवल असावे.

बोस्टनच्या मायकेल झेनने 'क्रिप्टोनाइट' नावाने पोलादाची वाकवलेली पट्टी कुलूप म्हणून विकायला काढली. १९७२ साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात एक सायकल या कुलपाने खांबाला बांधून महिनाभर तशीच ठेवण्यात आली. महिन्याने पाहिले तर सायकलीचा जो जो भाग सुटा करता येत होता तो तो गेला होता. कुलूप मात्र जागच्या जागी होते. जाहिरातीला हा प्रयोग फार उपयोगी पडला. शिक्षकांनी मात्र त्याचा दुसरा अर्धाही मुलांना सांगावा : कुलूप टिकले, सायकल नाही.

पुढे पट्टीची जागा इंग्रजी यू अक्षरासारख्या जाड गोल सळईने घेतली. यात जाडीइतकेच महत्त्व आतल्या पोकळीला आहे. पोकळी मोठी असली की चोर तीत पहार घालून पिळतो किंवा गाडीचा जॅक बसवून सळई फाकवतो. तरफेला टेकू हवा आणि हलायला जागा हवी. सायकल आणि खांब यांनीच पोकळी भरून गेली तर दोन्ही मिळत नाहीत. म्हणून या जातीत लहान कुलूप मोठ्यापेक्षा हलके तर असतेच, शिवाय पिळायला अवघडही असते.

सळईपुढे हात टेकल्यावर लक्ष किल्लीच्या भोकाकडे जाणारच. या कुलपांत पुष्कळदा नळीसारख्या किल्लीचे यंत्र असे : वर्तुळात मांडलेल्या सहा-सात खिळ्या, प्रत्येकीमागे स्प्रिंग, आणि किल्लीने साऱ्या योग्य खोलीवर दाबल्या की कुलूप फिरते. २००४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या एका सायकलस्वाराने इंटरनेटवर चित्रफीत टाकली. बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीचे तोंड त्याने या भोकात दाबले, थोडे हलवत फिरवले आणि कुलूप उघडले. मऊ प्लॅस्टिकवर खिळ्यांचे ठसे उमटून त्या नळीचीच किल्ली होत होती. ब्रिटनमधल्या एका सायकल-मासिकाने हीच खोट १९९२ सालीच छापली होती, पण तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. आता मात्र बातमी काही दिवसांत जगभर गेली आणि कंपनीला तीन लाखांहून अधिक कुलपे बदलून द्यावी लागली. हॉब्जला ५१ तास लागले होते, इथे अर्धे मिनिट पुरत होते.

आता वजनाकडे वळू, कारण गावात चार ठिकाणी थांबत कामे करणाऱ्याचे सारे गणित तिथेच अडते. जाडी दुप्पट केली की छेदाचे क्षेत्रफळ, म्हणून वजनही, चौपट होते. पोलादाची घनता ७.८५ धरा. ८ मिलिमीटर सळईचा १० सेंटिमीटर तुकडा सुमारे ३९ ग्रॅम भरतो, १३ मिलिमीटरचा १०४ ग्रॅम, १६ मिलिमीटरचा १५८ ग्रॅम. बळकट कुलूप एक-दीड किलोचे होते ते असे. पोस्टात तिकिटे घ्यायला निघालेला माणूस एवढे धूड घरीच ठेवतो, आणि घरी ठेवलेले कुलूप शून्य मिनिटांचे.

या अडचणीवर एक चतुर तोड अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे सायकल-कारागीर शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी सुचवली. लहानात लहान यू घ्यावा आणि तो मागच्या चाकाची रिम व टायर यांभोवती, पण फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आतल्या भागातून, खांबाला लावावा. फ्रेमच्या नळीला कुलूप स्पर्शही करत नाही, तरी चाक त्या त्रिकोणातून ओढून निघत नाही, म्हणून फ्रेमही अडकते. चोर रिमच कापणार नाही का? हातकरवतीने ते सोपे नाही, आणि कारण पदार्थविज्ञानाच्या वर्गात सांगण्यासारखे आहे. आरे ताणलेले असतात, त्यामुळे रिम सतत दाबाखाली असते. ३६ आरे प्रत्येकी ८० किलोने ताणलेले धरले तर ३६ गुणिले ८० भागिले २π, म्हणजे रिमवर साडेचारशे किलोहून अधिक दाब येतो. करवत आत शिरू लागली की काप मिटू लागतो आणि पाते चिमटीत सापडते.

गेल्या वीसेक वर्षांत लिथियम बॅटरीवर चालणारे ग्राइंडर स्वस्त झाले आणि हे सारे हिशोब डळमळले. जाड यू त्यापुढे मिनिट-दोन मिनिटे टिकतो. १९९२ साली ब्रिटनमध्ये पोलिसांच्या सहभागाने 'सोल्ड सिक्युअर' ही परीक्षा सुरू झाली. तिच्यात कुलपांना कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या होत्या, पुढे वर 'हिरा' ही पायरी वाढवण्यात आली. २०२० साली डरहॅम विद्यापीठ आणि जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी 'प्रोटियस' नावाचा पदार्थ जाहीर केला : ॲल्युमिनियमच्या फेसात चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे गोळे बसवलेले, घनता पोलादाच्या सुमारे १५ टक्के. ग्राइंडरची चकती गोळ्याला भिडली की पदार्थ थरथरतो आणि चकतीच झिजते. ग्रेपफ्रूटची साल आणि अबलोनी शंखाचे कवच पाहून ही रचना सुचली, असे ते सांगतात.

तेव्हा थोड्या वेळाच्या थांब्यासाठी काय घ्यावे? दुकानाच्या दारात, नजरेसमोर दोन मिनिटे उभे राहायचे तर चाकावरचे गोल कुलूप पुरे. ग्रंथालयात दहा-पंधरा मिनिटे जायचे तर त्याच्या जोडीला लहान यू हवा, म्हणजे चोराला दोन निरनिराळी हत्यारे लागतील. तारेचा दोर पुढचे चाक किंवा पिशवी अडकवण्यापुरताच चांगला. दिवसभर शाळेच्या आवारात उभ्या राहणाऱ्या सायकलींची गोष्ट निराळी. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल गेली तर एखाद्या मुलीची शाळाच दूर होते, आणि तिला दीड किलोचे कुलूप घे म्हणून सांगण्यात अर्थ नाही. तिथे शाळेनेच जमिनीत पक्क्या गाडलेल्या नळ्या आणि एक लांब जाड साखळी ठेवावी. नळी निवडताना तिचे वरचे टोक मोकळे नाही ना हे पाहावे, आणि बांधण्यापूर्वी ती दोन्ही हातांनी धरून एकदा जोरात हलवावी.