बोटांची पहिली शाळा



आम्ही शिक्षणशास्त्री नव्हे. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. कारखान्याच्या फाटकावर सभा घेता घेता आणि रात्री उशिरापर्यंत वाचता वाचता जे हाती लागले, तेवढेच आमचे भांडवल. मग बालवाडीतील खेळांवर बोलण्याचा आम्हांला अधिकार कोणता? एवढाच की, आमचा सारा संसार हातांवर चालतो. कानस चालविणारा हात प्रथम कोठे घडतो, हा प्रश्न कामगारांचाच आहे.

१८३७ साली जर्मनीत ब्लांकेनबुर्ग येथे फ्रोबेलने लहान मुलांसाठी खेळाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे हीच तेथली क्रमिक पुस्तके. प्रशियाच्या सरकारला त्यांतही नास्तिकपणाचा व समाजवादाचा वास आला! १८५१ साली घातलेली बंदी १८६० मध्ये उठली.

पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या मजूरवस्तीत मारिया मॉन्टेसरींनी ‘बालगृह’ उघडले. आईबाप कामावर जात, मागे मुले भिंती खराब करीत; घरमालक कंपनीला काळजी होती ती भिंतींची. बाईंनी काळजी केली मुलांची. त्यांनी खाचांत बसविण्याचे लाकडी दट्टे दिले, बटणे लावण्याच्या चौकटी दिल्या. दट्ट्याची बारीक मूठ अंगठा व दोन बोटांनी धरावी लागते; लेखणीही तशीच धरावयाची असते. मुलाच्या हातावरचा ताबा खांद्याकडून मनगटाकडे व शेवटी बोटांकडे येतो. बोटे तयार होण्यापूर्वीच लेखणी घोटविणे म्हणजे कच्च्या भांड्यात पाणी भरणे होय.

पण महागडी साधने गरिबाने आणावी कोठून? याचे उत्तर ताराबाई मोडकांनी दिले. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र काढले; अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बिया, शिंपले, खडे, पाने, माती हीच साधने झाली. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात वारली बांधव वेठीविरुद्ध उठले होते. मोठ्यांचे हात वेठीतून सुटू पाहत होते आणि लहानांचे हात खेळात गुंतू लागले होते. आम्हांला ही दोन्ही कार्ये सख्ख्या बहिणी वाटतात.

२ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाड्या देशभर पसरल्या. परंतु जी सेविका ही बोटे घडविते, तिला वेतन नव्हे, ‘मानधन’! ग्रॅच्युइटीवरील तिचा हक्क मान्य व्हावयास सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. मुलांच्या हातांचे कौतुक करणाऱ्या समाजाने ते घडविणाऱ्या हातांचा दाम चुकवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.