जुन्या गाडीचे आवाज आणि त्यांचा इतिहास

जुन्या गाडीचा प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड, अशी आपली एक समजूत असते. आणि त्या आवाजाची कानाला सवय झाली की तो बिघाड नव्हेच, अशी दुसरी समजूत होते. दोन्ही महागात पडतात. पहिल्या समजुतीपायी मालक न बिघडलेली वस्तू बदलतो, दुसरीपायी बिघडलेली तशीच वापरतो. चारही चाकांना गती देणाऱ्या जुन्या पिकअप गाडीच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच गंभीर. कारण जिथे दुसरे वाहन जाऊ शकत नाही तिथेच तिला नेतात, आणि तिथे ती अडली तर मदतही सहसा पोहोचत नाही.

श्रोतेहो, अशा गाडीच्या पोटाखाली गिअरबॉक्स, त्याला जोडलेली गती-वाटपाची दुसरी पेटी, पुढे-मागे जाणारे दोन लांब शाफ्ट, दोन अ‍ॅक्सल आणि कितीतरी सांधे असतात. त्यांतला कोण ओरडतो हे ओळखायचे असेल, तर हे सारे तिथे का आले हे आधी समजले पाहिजे. प्रत्येक भाग कोणती ना कोणती अडचण सोडविण्यासाठी आला, आणि ती सोडविताना आपला एक आवाज मागे ठेवून गेला.

पहिली अडचण वळणाची. गाडीने पूर्ण वर्तुळ काढले, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर चालते. दोन चाकांत चार फुटांचे अंतर असेल तर एका फेरीत हा फरक सुमारे २५ फूट भरतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसविली तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर फरफटत जावे लागेल. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या यंत्रज्ञाने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी जी दातेरी रचना काढली, तीच आजचे डिफरन्शियल. त्यातली लहान चाके सरळ रस्त्यावर आपल्या आसाभोवती जवळजवळ स्वस्थ असतात. वळणावरच ती फिरू लागतात. म्हणून केवळ वळताना मागच्या पेटीतून येणारा खडखडाट बहुधा त्यांचा. याउलट क्राऊन आणि पिनियन ही जोडी गाडी चालू असेतो फिरतच असते. तिचे दात झिजले किंवा बसवणुकीत फरक पडला की एक लांब सूर निघतो, आणि तो अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय दाबताना एक तर सोडताना दुसरा, असा बदलतो.

दुसरी अडचण स्प्रिंगांची. गिअरबॉक्स चौकटीला बांधलेला, आणि अ‍ॅक्सल तर खड्ड्याखड्ड्याला वरखाली होणारा. त्या दोहोंना जोडणारा शाफ्ट वाकत वाकतच फिरला पाहिजे. अशा सांध्याला यूरोपात इटलीच्या कार्दानोचे नाव मिळाले असले, तरी त्याचे वर्णन इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली प्रसिद्ध केले. या सांध्यात एक स्वाभाविक उणीव आहे. कोनात असताना तो गती जशीच्या तशी पुढे देत नाही. एका फेरीत दोनदा वेगवान आणि दोनदा मंद होतो. कोन दहा अंशांचा असेल तर हा फरक शेकडा दीडच्या आसपास राहतो. तीस अंशांचा झाला की वेग एकदा सुमारे शेकडा १३ कमी आणि एकदा सुमारे शेकडा १५ जास्त होतो. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन सांधे समान कोनात ठेवतात. एकाची चूक दुसरा भरून काढतो. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ साली या सांध्याचे पेटंट मिळविले आणि मोटारींतील साखळीची जागा हळूहळू शाफ्टने घेतली.

आपल्याकडील गॅरेजमध्ये या सांध्याच्या मधल्या तुकड्याला क्रॉस म्हणतात. त्यातील ग्रीस सुकले की गाडी सावकाश निघताना पाखरासारखी बारीक चीं-चीं ऐकू येते, आणि चाकांच्या वेगाबरोबर तिचा ताल वाढतो. क्रॉस झिजला की गिअर टाकून क्लच सोडताच, किंवा पुढचा गिअर काढून मागचा टाकताच, ‘ठक्’ असा एकच ठोका बसतो. शाफ्ट दुरुस्तीसाठी काढून परत बसविताना त्याच्या सरकत्या जोडातील दोन टोके एका रेषेत आली नाहीत, तर क्रॉस नवे असूनही गाडी थरथरते. अशा वेळी दोष वस्तूचा नसतो, बसविणाऱ्याचा असतो.

तिसरी अडचण पुढच्या चाकांची. त्यांना गती द्यायची आणि वळवायचेही. हॉलंडच्या स्पायकर बंधूंच्या कारखान्याने १९०३ साली चारही चाकांना गती देणारी पेट्रोलची मोटार बनविली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल या लहानशा गावी ऑटो झाकाव आणि त्याचा मेहुणा विल्यम बेसर्डिख यांचे यंत्रदुरुस्तीचे दुकान होते. वळत्या चाकाला गती देणाऱ्या रचनेचे पेटंट झाकावला १९०८ साली मिळाले. त्यातून निघालेल्या कंपनीचे हजारो मालट्रक पहिल्या महायुद्धात चिखलातून तोफा आणि दारूगोळा ओढीत होते. पुढे १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड झेपा याने गोळ्यांचा सांधा काढला. तो कोनातही समान गती देतो. या सांध्याच्या गोळ्यांच्या खाचा झिजल्या, की स्टेअरिंग पूर्ण वळवून निघताना टक्-टक्-टक् असा ठोका ऐकू येतो. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये साधा क्रॉस असेल तर मात्र पूर्ण वळणावर स्टेअरिंगला बसणारे हलके हिसके त्या सांध्याच्या स्वभावातलेच समजावेत.

या सर्व शोधांचा संगम जीपमध्ये झाला. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या गाडीची मागणी केली. बँटम या छोट्या कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना दिला, आणि पुढे विलीज व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनविल्या. तिच्यात गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची पेटी आली. गती तिथून पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वाटली जाते. युद्धकाळातील जीपमध्ये केवळ मागची चाके ओढत असली, तरी गती या पेटीतील दात्यांतूनच जाते. म्हणून नव्या गाडीतही तिचा एक घुमणारा सूर असे. तो बिघाड नव्हे. सूर बदलला, खरखरीत झाला, किंवा पेटीतील तेल उतरले, तर मात्र लक्ष द्यावे.

विलीज कंपनीने १९४७ साली याच कुळातील पिकअप ट्रक बाजारात आणला आणि तो १९६५ पर्यंत बनत राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या महिंद्र कंपनीने परवान्याने जीप जुळविण्यास आरंभ केला, आणि आपल्या खेड्यापाड्यांतील गॅरेजांना या यंत्रणेची ओळख झाली.

जीपच्या रचनेत एक गोष्ट मुद्दाम ठेवलेली नव्हती: पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल नाही. चिखलात ते ठीक. चाक थोडे घसरते आणि ताण निघून जातो. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळण घेतले, तर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर चालू पाहतात, शाफ्ट पिळले जातात आणि गाडी अडखळत ठोके देते. हा आवाज बिघाडाचा नसून वापराच्या चुकीचा आहे. पण चूक चालू ठेवली तर बिघाडही होतो. चारही टायरांची झीज सारखी नसेल, म्हणजे पुढचे नवे आणि मागचे जुने असतील, तर सरळ रस्त्यावरही हेच होते. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न याने पुढचे चाक शाफ्टपासून सोडविणारे हब बनवावयास घेतले. १९७० च्या रेंज रोव्हर गाडीत मधले डिफरन्शियल आले. जुन्या पिकअपला मात्र चालकाची समज हेच मधले डिफरन्शियल.

आता परीक्षेची पद्धत. आवाजाला विचारावयाचा प्रश्न एकच: तू कशाबरोबर बदलतोस? गाडी उभी, गिअर न्यूट्रल आणि इंजिन चालू असताना आवाज येत असेल, आणि क्लच दाबताच थांबत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये शोधावा. क्लच दाबल्यावरच येत असेल तर रिलीज बेअरिंगमध्ये. गाडी सपाट, मोकळ्या रस्त्यावर चालत असता न्यूट्रल करून पाहावे. घाटात हा प्रयोग कधीही करू नये. आवाज तसाच राहिला तर चाके, टायर आणि चाकांची बेअरिंगे यांकडे पाहावे. डांबरावरून मातीवर जाताच तो नाहीसा झाला, तर तो टायरांचा. उजवीकडे वळताना वाढला, तर भार डाव्या बाजूवर येतो. म्हणून डाव्या चाकाचे बेअरिंग तपासावे. हब मोकळे केल्यावर थांबला, तर पुढच्या शाफ्टकडे आणि अ‍ॅक्सलकडे वळावे. शेवटी चाकांना दगड लावून, इंजिन बंद करून, गाडीखाली शिरून शाफ्ट हाताने पिळून पाहावा; क्रॉसच्या टोप्यांत हलकासा खेळही हाताला कळतो. लाएनेकने १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाच्या नळीतून छातीचे ठोके ऐकले. मेकॅनिक लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पेटीवर आणि मूठ कानाशी धरतो, तीही त्याचीच विद्या.

हे सारे खटाटोप कशासाठी? जीपच्या घराण्यातील अनेक गाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसमागच्या शाफ्टवर असतो. क्रॉस तुटून मागचा शाफ्ट सुटला, तर फोर-व्हील लावलेली नसताना गती तर जातेच, पण उतारावर उभ्या गाडीला धरून ठेवणारा हातब्रेकही त्याच क्षणी निकामी होतो. भरल्या मालासह आणि पाठीमागे बसलेल्या माणसांसह अशी गाडी घाटात उभी असेल, तर तो ‘ठक्’ किती मोलाचा होता हे फार उशिरा समजते. नवा क्रॉस ही तुलनेने स्वस्त वस्तू आहे, आणि ग्रीस त्याहूनही स्वस्त. जुनी गाडी आपले दुखणे आधी सांगते. ते ऐकण्याची तयारी मालकाची असावी लागते.