स्वनिमजाणीव (प्रारंभिक वाचनशिक्षणातील)

उच्चारित शब्द ज्या लहानांत लहान अर्थभेदक ध्वनींचा, म्हणजेच स्वनिमांचा, बनलेला असतो, ते ध्वनी कानाने वेगळे ओळखण्याची, सुटे करण्याची, जोडण्याची व बदलण्याची शक्ती. ‘पाट’ व ‘पाठ’ यांतील भेद बालक बोलताना सहज पाळते. परंतु तो नेमका कोणत्या ध्वनीत आहे हे उमजणे ही निराळी सिद्धी असून, ती बहुधा शिकवावी लागते. इझाबेल लिबरमन व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील मुलांना मेजावर ठोके देऊन शब्दांचे भाग मोजण्यास सांगितले असता, चार वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांना उच्चारखंड मोजता आले, स्वनिम मात्र एकालाही नाहीत. सहा वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण अनुक्रमे ९० व ७० टक्के आढळले.

मराठी बालकाची वाट थोडी निराळी आहे. देवनागरीतील अक्षर हे व्यंजन व स्वर यांचे संयुक्त रूप असल्यामुळे, आणि भेंड्यांसारख्या खेळांतून शब्दाचे शेवटचे अक्षर पकडण्याचा सराव घरोघरी होत असल्यामुळे, अक्षराची जाण त्याला लवकर येते. अक्षराच्या पोटातील स्वनिम मात्र झाकलेला राहतो. ‘घर’ या शब्दात अक्षरे दोन, पण ध्वनी घ्, अ, र् असे तीन. ‘दिवा’ लिहिताना वेलांटी द-च्या आधी येते, पण इकार उच्चारला जातो नंतर. सोनाली नाग यांच्या २००७ च्या अभ्यासात कन्नड वाचणाऱ्या मुलांतही स्वनिमजाणीव सावकाश विकसित होताना दिसली. म्हणून बाराखडी केवळ घोकून न घेता ‘का’ व ‘की’ यांत काय कायम राहिले आणि काय पालटले, हे मुलाकडूनच वदवून घेणे इष्ट.

अध्यापनाचा क्रम ऐकण्यापासून सुरू होतो : यमके ओळखणे, आरंभीचा ध्वनी सांगणे, सुटे ध्वनी जोडून शब्द करणे, ‘काम’मधील क् काढून न् घालून ‘नाम’ करणे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ डी. बी. एल्कोनिन यांच्या पद्धतीत जितके ध्वनी तितक्या चौकटी आखून, उच्चारागणिक एकेक सोंगटी पुढे सरकवितात. आपल्याकडे चिंचोक्यांनीही हे काम भागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालानुसार, एकूण ५ ते १८ तासांचे असे शिक्षण सर्वाधिक फलदायी ठरले, आणि ध्वनींच्या जोडीला अक्षरे दाखविल्यास लाभ वाढला. याचा अर्थ, ही तयारी वाचनाच्या बदली नव्हे, तर वाचनासोबतच द्यावयाची आहे.

‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोहोंतील ज-चा भेद लिपी दाखवीत नाही. तो कानच जाणतो. तो कान तयार करणे हे पहिल्या इयत्तेच्या शिक्षकाचे आद्य कर्तव्य होय.