शब्दवेध : सरबत

सरबत आणि शराब ही सख्खी भावंडं आहेत. अरबीत ‘श-र-ब’ हा पिण्याचा धातू. मुळात ‘शराब’ म्हणजे कुठलंही पेय. फारसीत तो अर्थ मद्यापुरता आक्रसला आणि तसाच आपल्याकडे आला. तिकडे भूमध्य समुद्राकाठी याच धातूपासून लॅटिनमार्गे ‘सिरप’ झालं, तर तुर्की ‘शेर्बेत’चं इटलीत ‘सोर्बेत्तो’.

घरी जिन, लिंबू आणि रोझमेरीचं कॉकटेल करताना हे सगळं गोत एकाच भांड्यात येतं. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन साखर विरघळेपर्यंतच तापवा. पाकाला तार येऊ द्यायची नाही. गॅस बंद करून त्यात रोझमेरीची काडी अर्धा तास झाकून ठेवा. उकळत ठेवली तर पाक कडवट होतो. मग ५० मिलि जिन, २५ मिलि लिंबाचा ताजा रस, २० मिलि पाक आणि भरपूर बर्फ झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा. लिंबाचा रस नुसता ढवळून नीट मिसळत नाही. हलवल्याने त्यात बारीक हवा भरते, थोडा बर्फ वितळतो आणि आंबटपणाची धार उतरते. भांड्यावर बाहेरून पांढुरकं दव धरलं की थांबा.

गार केलेल्या ग्लासात गाळून लगेच द्या. वर ठेवायची काडी आधी तळहातावर आपटून घ्या, वास मोकळा होतो. न पिणाऱ्यांना जिनऐवजी सोडा. तो मात्र हलवून झाल्यावर, वरून.