केर्न्स गट

केर्न्स गट हा शेतमाल निर्यात करणाऱ्या देशांचा समूह असून शेतमालाचा जागतिक व्यापार अधिक खुला व्हावा यासाठी तो जागतिक व्यापार संघटनेत प्रयत्न करतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यातल्या केर्न्स शहरात ऑगस्ट १९८६ मध्ये त्याची स्थापना झाली. गटाचे अध्यक्षपद प्रारंभापासून ऑस्ट्रेलियाकडे आहे.

पार्श्वभूमी

१९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाल्यावर ऑस्ट्रेलियाच्या लोणी, साखर व फळांची हक्काची बाजारपेठ हातची गेली. समुदायातील चढ्या हमीभावांमुळे तेथे धान्य, लोणी व साखरेचे प्रचंड साठे झाले आणि ते अनुदान देऊन परदेशी विकले जाऊ लागले. अमेरिकेनेही १९८५ पासून गव्हाच्या निर्यातीस अनुदान देऊन त्यास उत्तर दिले. या चढाओढीची झळ बसली ती असा खर्च न पेलणाऱ्या देशांना. तेव्हा बॉब हॉक यांच्या सरकारने, व्यापारमंत्री जॉन डॉकिन्स यांच्या पुढाकाराने, १४ देशांची मोट बांधली. तीत कॅनडा व न्यूझीलंड होते, तसेच अर्जेंटिना, ब्राझील, थायलंड, फिजी आणि साम्यवादी राजवटीतील हंगेरीही होता. श्रीमंत-गरीब ही नेहमीची विभागणी मोडणारी अशी आघाडी त्या काळी विरळाच होती.

उरुग्वे फेरी

डिसेंबर १९८८ मध्ये माँट्रियल येथे शेतीचा प्रश्न सुटल्याखेरीज अन्य विषयांस संमती नाही, अशी भूमिका गटातील लॅटिन अमेरिकी देशांनी घेतली. डिसेंबर १९९० मधील ब्रुसेल्सची बैठकही शेतीवरूनच फिसकटली. अखेरची तडजोड मात्र नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिका व युरोपीय समुदाय यांनी आपसांत केली. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या कृषी करारानुसार विकसित देशांनी सहा वर्षांत आयातशुल्क सरासरी ३६ टक्क्यांनी व अनुदानित निर्यातीचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटवायचे होते. गटाच्या मागणीच्या मानाने हे अल्पच होते. निर्यात अनुदाने संपुष्टात आणण्याचा निर्णय होण्यास २०१५ ची नैरोबी परिषद उजाडावी लागली.

ऑस्ट्रेलियावरील आक्षेप

ऑस्ट्रेलियातील शेतीला मिळणारे सरकारी साहाय्य विकसित देशांत अत्यल्प असल्याने त्याच्या आग्रहाला नैतिक वजन आहे. तथापि रोग-किडींच्या कारणास्तव तो देश घालत असलेले आयातनिर्बंध हे झाकलेले संरक्षणच होय, असा आक्षेप खुद्द गटातूनच घेतला गेला. न्यूझीलंडच्या सफरचंदांना ऑस्ट्रेलियाने १९२१ पासून दार बंद केले होते. ते प्रकरण न्यूझीलंडने जागतिक व्यापार संघटनेत नेले आणि २०१० मध्ये अपील मंडळाचा निर्णय ऑस्ट्रेलियाच्या विरोधात गेला.

भारत आणि केर्न्स गट

भारत या गटाचा सदस्य नाही. अल्पभूधारकांच्या उपजीविकेला व अन्नसुरक्षेला प्राधान्य देणाऱ्या भारताची भूमिका गटाहून भिन्न असली, तरी २००३ मधील कानकुन परिषदेच्या वेळी ब्राझीलसह काही सदस्य विकसनशील देशांच्या जी-२० आघाडीत भारतासोबत उभे राहिले.

२०१९ मध्ये मात्र ऑस्ट्रेलिया, ब्राझील व ग्वातेमाला या तीन सदस्यांनी भारताच्या ऊसदराविरुद्ध व साखर निर्यात अनुदानाविरुद्ध तक्रार केली. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा होता, कारण त्यांना मिळणारा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) हाच त्यात आक्षेपाचा विषय होता. हा दर सरकार नव्हे, तर कारखाने देतात, असा भारताचा युक्तिवाद होता. तो तंटा निवारण पथकाने डिसेंबर २०२१ मध्ये फेटाळला. त्याविरुद्ध भारताने अपील दाखल केले. परंतु सदस्यांच्या नेमणुका अडल्याने अपील मंडळाचे काम डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते.